एच-इंडेक्स हाताने काढून दाखवा: विद्यापीठांच्या संशोधन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, प्र-कुलगुरू, अधिष्ठाता, संशोधन व मान्यता समित्यांचे सदस्य आणि पीएच.डी. कोर्सवर्कचे समन्वयक,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय: संशोधनाचा प्रभाव मोजायला शिकणे, आणि ते कोणी शिकावे याबाबत

महोदय / महोदया,

मी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हा दोन क्रेडिटचा पेपर असतो. त्यातले शेवटचे, सहावे युनिट बऱ्याच ठिकाणी ग्रंथपालाच्या गळ्यात पडते. डेटाबेस आणि रिसर्च मेट्रिक्स हा त्याचा विषय. सायटेशन (एका लेखाचा दुसऱ्या लेखाने दिलेला हवाला), इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकाच्या लेखांना मिळणारी सरासरी सायटेशन्स), एच-इंडेक्स (एका संशोधकाच्या पेपरांच्या सायटेशन्सवरून काढलेला आकडा) म्हणजे काय ते मी विद्यार्थ्यांना सांगते. पुढे हेच विद्यार्थी तुमच्यासमोर येतात तेव्हा याच शब्दांनी त्यांना जोखले जाते. मधल्या जागेत काय हरवते ते मला दिसते, म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकते. हे युनिट फक्त विद्यार्थ्यांना सक्तीचे आहे. आरआरसीत, म्हणजे पीएच.डी.चे विषय मान्य करणाऱ्या समितीत बसणाऱ्यांनी, निवड समितीत बसणाऱ्यांनी, कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या फायली तपासणाऱ्यांनीही ते करावे. पीपीटी बघून नव्हे, कागद-पेन्सिल आणि स्वतःच्या पेपरांची यादी समोर घेऊन. ज्या आकड्यावरून आपण दुसऱ्याची नेमणूक, बढती किंवा गाईडशिप ठरवतो, तो आकडा आपल्याला स्वतःला काढता आला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

यूजीसीने डिसेंबर २०१९ मध्ये हा पेपर सक्तीचा केला. एकूण ३० तास. त्यातले ७ सहाव्या युनिटला, आणि त्या सातांतले ४ डेटाबेसना, ३ मेट्रिक्सना. तीन तासांत इम्पॅक्ट फॅक्टर, एसएनआयपी, एसजेआर, आयपीपी, साइटस्कोअर, एच-इंडेक्स, जी-इंडेक्स, आय-टेन इंडेक्स आणि आल्टमेट्रिक्स! अभ्यासक्रम आखणाऱ्यांना मी दोष देत नाही, निदान विषय टेबलावर तरी आला. पण तीन तासांत नऊ संज्ञा म्हणजे व्याख्या लिहून घेणे आणि परीक्षेत त्या परत लिहून देणे. गणित कोणी करत नाही. विद्यार्थी पास होतो, आणि त्याला एवढेच कळलेले असते की मोठा आकडा चांगला.

आता हे टाळता येणार नाही, त्याला एक ताजे कारण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली. कोणते नियतकालिक चांगले हे आता संस्थांनीच ठरवायचे आहे. यूजीसीने फक्त मार्गदर्शक निकष दिले आहेत. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे, दिल्लीहून आलेल्या यादीवर बोट ठेवून निवाडा करण्यापेक्षा स्वतः वाचून करणे केव्हाही बरे. पण इतिहास आठवा. केअरच्या आधी एक 'अप्रूव्हड लिस्ट' होती आणि तिच्यातला मोठा भाग विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा होता. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागाची तपासणी करून २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापला: विद्यापीठांच्या शिफारशीने आत आलेल्या, कुठल्याही मान्य डेटाबेसमध्ये नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता आहे. त्या शिफारशींवर सह्या कोणाच्या होत्या? समित्यांच्याच. आता तेच काम पुन्हा समित्यांकडे आले आहे. मधल्या काळात त्यांना कोणी काही शिकवले का?

आपल्या नियमांतही विनोद कमी नाहीत. यूजीसीच्या जुलै २०१८च्या नियमावलीतला गुणांचा तक्ता आपल्याला तोंडपाठ आहे. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या पण तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातल्या पेपरला ५ वाढीव गुण, एकपेक्षा कमी असेल तर १०, एक ते दोन असेल तर १५, असे करत दहाच्या वर ३०. आणि हा इम्पॅक्ट फॅक्टर 'थॉमसन रॉयटर्स'च्या यादीप्रमाणे धरायचा. थॉमसन रॉयटर्सने तो व्यवसाय २०१६ सालीच विकून टाकला होता! तेव्हापासून ती यादी क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. म्हणजे नियम लिहिला गेला तेव्हाच त्यातली यादी त्या नावाने अस्तित्वात नव्हती. ही फट छोटी वाटेल, पण तिच्यातून केवढी वरात आत शिरली! 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल', 'सायंटिफिक' अशी भारदस्त विशेषणे लावून पैशांवर इम्पॅक्ट फॅक्टर वाटणारी दुकाने निघाली. कव्हरवर ६.८ छापून आणलेला अंक तपासणीच्या टेबलावर येतो, आणि हा आकडा कोणी काढला हे विचारायची पद्धत नाही.

तेव्हा मुळापासून सुरुवात करू. मी वर्गात फळ्यावर दोन ओळी लिहिते. पहिल्या प्राध्यापकांचे सात पेपर, त्यांना मिळालेली सायटेशन्स उतरत्या क्रमाने: १२, ९, ७, ६, ५, ३, १. दुसऱ्यांचे चारच पेपर: ३४०, ४१, ५, २. आता वरून मोजत यायचे. पेपरचा क्रमांक आणि त्याची सायटेशन्स यांची तुलना करायची, आणि सायटेशन्स क्रमांकापेक्षा कमी पडतील तिथे थांबायचे. त्याच्या आधीचा क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. पहिल्यांचा पाचवा पेपर पाच वेळा उद्धृत झालाय, सहावा तीनच वेळा. एच-इंडेक्स ५. दुसऱ्यांचा तिसरा पेपर पाच वेळा, चौथा दोनदा. एच-इंडेक्स ३. एकूण सायटेशन्स पाहिली तर पहिल्यांची ४३ आणि दुसऱ्यांची ३८८. मग विचारते, यांच्यापैकी कोणाचा प्रभाव जास्त? वर्गात भांडण लागते, आणि तेच हवे असते. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हा निर्देशांक मांडला तो एकाच विषयातल्या, साधारण सारख्या वयाच्या लोकांची ढोबळ तुलना करता यावी म्हणून. त्याच हिर्शने २०२० साली लिहिले की आपल्या निर्देशांकाचे मनात नसलेले गंभीर दुष्परिणाम झाले आहेत. आपल्याकडे मात्र गणिताच्या आणि जीवरसायनशास्त्राच्या उमेदवारांचे एच-इंडेक्स एकाच एक्सेल शीटमध्ये शेजारी-शेजारी ठेवले जातात. गणितात पेपर कमी, संदर्भयाद्या छोट्या, आणि दखल घेतली जाते तीही सावकाश. जीवरसायनशास्त्रात नेमके उलटे. विषयाची सरासरी काढून त्या प्रमाणात आकडा बसवणे, किंवा त्या विषयातल्या त्या वर्षीच्या पेपरांमध्ये हा पेपर वरच्या दहा टक्क्यांत येतो का ते पाहणे, हे बिब्लिओमेट्रिक्समधले, म्हणजे प्रकाशनांच्या मोजणीच्या शास्त्रातले, आता प्राथमिक ज्ञान झाले आहे. आपल्या तक्त्यांत ते कुठेच दिसत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरचे गणितही असेच, पाचवीतल्या मुलालाही जमेल. नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला या वर्षी किती सायटेशन्स मिळाली, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. म्हणजे ही सरासरी आहे, आणि सरासरी एकाच आकड्याने किती फुगते याचे उदाहरण मी दरवर्षी देते. 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'ए' विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २च्या आसपास असे. २००९ सालासाठी तो एकदम ४९च्या वर गेला. संपादक तेच, लेखही त्याच दर्जाचे. झाले होते ते इतकेच की जॉर्ज शेल्ड्रिक यांनी जानेवारी २००८ मध्ये शेलएक्स या स्फटिकरचना काढण्याच्या संगणक-प्रणालीचा इतिहास सांगणारा लेख तिथे छापला आणि ती प्रणाली वापरणाऱ्यांनी याच लेखाचा हवाला द्यावा असे सुचवले. जगभरातल्या प्रयोगशाळा ती प्रणाली वापरत होत्या. दोन वर्षांची खिडकी सरकली तसा फॅक्टर पुन्हा २च्या आसपास आला. त्या अंकांत शेल्ड्रिकच्या शेजारी ज्यांचा एखादा दुर्लक्षित लेख छापून आला असेल, त्याला आपल्या तक्त्याप्रमाणे ३० गुण मिळाले असते. नियतकालिकाचा आकडा लेखाला चिकटवण्याविरुद्धच तर २०१३ सालचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा निघाला.

जाता जाता आमच्या पेशाबद्दल दोन ओळी, राहवत नाही म्हणून. हे मोजमाप ग्रंथालयाच्या कपाटांतून बाहेर पडलेले आहे. कोणत्या नियतकालिकांवर पैसा खर्च करावा, या चिंतेतून ब्रॅडफर्डने १९३४ साली लेखांच्या विखुरण्याचा नियम मांडला. रंगनाथनांनी १९४८ साली इंग्लंडमधल्या परिषदेत ग्रंथालयाच्या कामालाही संख्याशास्त्र लावा असे सांगितले. यूजीन गारफील्डने १९५५ साली सायटेशन इंडेक्सची कल्पना 'सायन्स'मध्ये मांडली, तीही अमेरिकी वकील खटल्यांचे दाखले शोधायला वापरत त्या सूचीवरून. १९६४ पासून ती सूची नियमित निघू लागली. एखाद्या लेखाच्या पुढे काय घडले, कोणी त्याला दुजोरा दिला, कोणी खोडला, हे वाचकाला सापडावे म्हणून ती होती. इम्पॅक्ट फॅक्टरचा पहिला उपयोग सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी झाला. माणसांचा पगार ठरवणे ही नंतरची भर.

आता खऱ्या चिखलाकडे येते. बिब्लिओमेट्रिक विश्लेषण शिकायला बसल्यावर बहुतेक वेळ सूत्रांत जात नाही, डेटा साफ करण्यात जातो. स्वतः केल्याशिवाय हे कोणाला पटत नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या विद्यापीठाचे पन्नास वर्षांतले संशोधन शोधून बघा. बॉम्बे युनिव्हर्सिटीचे मुंबई झाले. पुणे विद्यापीठ २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ सालचा, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा २०१८चा, सोलापूरचा २०१९चा. नावाची प्रत्येक इंग्रजी स्पेलिंग, प्रत्येक संक्षेप, 'डिपार्टमेंट ऑफ केमिस्ट्री, पूना' असा मोघम पत्ता, हे सगळे शोध-वाक्यात घ्यावे लागते. एक रूप सुटले की विद्यापीठाचे काही शे पेपर गायब. वर संलग्न महाविद्यालयांचा प्रश्न आहेच. कॉलेजातल्या प्राध्यापकाने पत्त्यात विद्यापीठाचे नाव घातले तर पेपर विद्यापीठाच्या खात्यात, नाही घातले तर नाही. उच्च शिक्षणसंस्थांना श्रेणी देणाऱ्या नॅकला द्यायचा विद्यापीठाचा एच-इंडेक्स आणि सरासरी सायटेशन याच डेटावर उभे असतात. ते किती स्पेलिंगे घेऊन काढले, हे अहवालात लिहायची पद्धत सुरू करावी.

माणसांच्या नावांची तर त्याहून मजा. पाटील एस., जोशी ए., कुलकर्णी आर. या नावाने शोधा आणि बघा एकाच 'लेखका'ने कर्करोग, कांद्याची साठवण आणि संत वाङ्मय या तिन्हींवर लिहिलेले सापडते की नाही. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आडनाव कधी आधी कधी शेवटी, आद्याक्षरे संपादकाच्या मर्जीप्रमाणे. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचे संशोधन दोन वेगळ्या व्यक्तींत वाटले जाते आणि दोन्हींचा एच-इंडेक्स लहान दिसतो. निवड समितीसमोर जो आकडा येतो तो यातला एक. २०१२ पासून ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो. त्याने पुढचा गोंधळ टळतो, मागचा टळत नाही, तो हातानेच निस्तरावा लागतो. संशोधक बाईंना दोन प्रोफाइल एकत्र करायला मदत करणे हे माझ्या मते कुठल्याही व्याख्येपेक्षा उपयोगी प्रात्यक्षिक आहे.

आणि एवढे सगळे साफ करूनही सायटेशन काय सांगत नाही, हे कळायला दूर जायला नको. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्यातले. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांनी १९४४ साली 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये चार पानांचा एक लेख छापला. गुणसूत्रावरच्या जनुकांमधले अंतर पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून कसे काढायचे, याचे सूत्र त्यात आहे. आजही भात, गहू, ज्वारीच्या जनुकीय नकाशांचे काम करणाऱ्यांसमोर संगणक पर्याय ठेवतो: हाल्डेन की कोसंबी? हजारो संशोधक 'कोसंबी' निवडतात. त्यातले कितीतरी पेपरात नुसते 'कोसंबी मॅपिंग फंक्शन' लिहितात आणि संदर्भयादीत मूळ लेख देत नाहीत, कारण ते आता सर्वांचे झाले आहे. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या गोष्टीकडे लक्ष वेधले होते: काम ज्ञानात पूर्ण मुरले की त्याचा हवाला देणेच थांबते. म्हणजे प्रभाव कमाल आणि सायटेशन कमी. शिवाय याच कोसंबींनी आहत नाण्यांची वजने करून इतिहास लिहिला, भर्तृहरीच्या सुभाषितांची संपादित आवृत्ती काढली, आणि शेवटच्या काळात गणितातले काही लेख एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले. आजच्या एखाद्या डेटाबेसने त्यांचे प्रोफाइल कसे बनवले असते आणि आजच्या आपल्या समितीने त्यांचा विषय 'संलग्न नाही' म्हणून अर्ज परत पाठवला असता की नाही, याचा विचार करावा.

मोजणीच्या विरोधात मी नाही, हे इथे स्पष्ट करते. मोजणी नसती तर त्या ८८ टक्क्यांचा पत्ताही लागला नसता. २०११ साली राज्यात शाळांची पटपडताळणी झाली तेव्हा हजेरीपटावरची मुले आणि वर्गातली मुले यांतला फरक आकड्यांनीच उघड केला. मात्र त्यासाठी कोणालातरी वर्गात जाऊन डोकी मोजावी लागली होती. पटावरचा आकडा बघून निर्णय घेणे ही मोजणी नव्हती, आणि प्रोफाइलवरचा आकडा बघून निर्णय घेणे हीसुद्धा नाही.

दरवर्षी एक यादी जाहीर झाली की कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतात, 'जगातील टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत आमचे सर'. सरांचे अभिनंदन करायलाच हवे. पण फ्लेक्सवर लिहिले असते 'स्टॅनफर्ड विद्यापीठातर्फे', जणू तिथे पदवीदान झाले. ही यादी स्टॅनफर्डमधले जॉन इयोअ‍ॅनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या वर्गणीच्या सायटेशन डेटाबेसवरून काढतात. सहा निर्देशकांचा मिळून एक गुणांक असतो, पहिला, एकटा आणि शेवटचा लेखक असलेल्या पेपरांना वेगळे वजन असते. संपूर्ण कारकिर्दीची एक यादी आणि एकाच वर्षातल्या सायटेशन्सची दुसरी. आपल्याकडचे बरेच फ्लेक्स दुसऱ्या यादीवरचे असतात, फ्लेक्सवर ते लिहिलेले नसते. त्याच फायलीत स्वतःच्याच पेपरांचे हवाले वगळून काय स्थान उरते तेही शेजारच्या रकान्यात दिलेले आहे. ती फायल कोणालाही उतरवून घेता येते. सहाव्या युनिटच्या वर्गात तो रकाना उघडून दाखवला की पंधरा मिनिटांत विद्यार्थी जे शिकतात ते तीन तासांच्या व्याख्यांतून शिकत नाहीत.

विद्यार्थ्यांकडूनही आता एक वेगळीच लाट आली आहे, आणि ती तुमच्या आरआरसीतूनच जाते. 'अमुक विषयाचा बिब्लिओमेट्रिक अभ्यास' या शीर्षकाचे सिनॉप्सिस. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात बनवलेले, सायटेशन्सचे नकाशे काढणारे व्हीओएसव्ह्यूअर फुकट आहे, 'आर'मधले बिब्लिओमेट्रिक्स पॅकेज आणि त्याचे बटणांवर चालणारे रूप बिब्लिओशायनी फुकट आहे. स्कोपसमधून एक फायल उतरवली, दोन-चार बटणे दाबली, की लाल-हिरव्या-निळ्या गोळ्यांचे जाळे तयार. दिसायला फार सुंदर. व्हायवात कोणी विचारत नाही की शोध-वाक्य काय होते, कोणती वर्षे घेतली, 'वुमन' आणि 'विमेन' हे दोन गोळे वेगळे का दिसतात, दुवा जोडायला किमान किती वेळा एकत्र येण्याची अट ठेवली, आणि ती अट एकाने वाढवली तर चित्र किती बदलते. दोन लेखांनी एकाच जुन्या लेखाचा आधार घेतला म्हणून ते जवळचे, ही एक गोष्ट. केसलरने ती १९६३ साली मांडली. दोन जुन्या लेखांचा हवाला नंतरच्यांनी एकत्र दिला म्हणून ते जवळचे, ही दुसरी. ती हेन्री स्मॉलची, १९७३ची. पहिले नाते छापताक्षणी ठरते आणि बदलत नाही, दुसरे वर्षागणिक बदलत राहते. आपल्या प्रश्नाला यातले कोणते लागते हे सांगता येत नसेल तर ते चित्र प्रबंधात कशाला हवे? विद्यार्थ्याची यात चूक कमी आहे. त्याला उपकरण मिळाले, प्रश्न विचारायला कोणी शिकवले नाही.

माझ्या हातात असते तर मी त्यांना वेगळे काम दिले असते. मराठीतली बहुतेक संशोधन-नियतकालिके स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये नाहीत. भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, 'मराठी संशोधन पत्रिका', 'भाषा आणि जीवन' यांत लेखांनी एकमेकांना दिलेले हवाले कोणत्याही यंत्राने मोजलेले दिसत नाहीत. एका विद्यार्थ्याने एका नियतकालिकाची दहा वर्षे घ्यावीत आणि प्रत्येक तळटीप हाताने टिपावी. मग कळेल की 'तत्रैव', 'कित्ता' आणि 'उपरोक्त' यांनी भरलेल्या टीपा मोजायच्या कशा; 'राजवाडे', 'वि. का. राजवाडे' आणि 'इतिहासाचार्य' एकच धरायचे का; साधनांच्या खंडाचा हवाला हा लेखकाचा मानायचा की मूळ पत्र लिहिणाऱ्या कारकुनाचा. हा खरा बिब्लिओमेट्रिक अभ्यास झाला, आणि त्यातून मराठी सायटेशन इंडेक्सची पहिली वीट तरी बसेल. २०१५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांपैकी एक नेमके हेच सांगते: स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपा, इंग्रजीतल्या नियतकालिकांच्या मापाने ते मोजू नका. आपल्या गुणतक्त्यात मानव्यशाखेच्या माणसाने इम्पॅक्ट फॅक्टर कुठून आणायचा? 'आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज सायटेशन इंडेक्स'मधल्या नियतकालिकांना तो मिळू लागला तोच मुळी २०२३ साली.

प्रभाव म्हटले की मला गडचिरोली आठवते. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात होते. त्या लेखाची सायटेशन्स कुठल्याही डेटाबेसात मिळतात. पण २००१ साली महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर 'कोवळी पानगळ' हा मराठी अहवाल निघाला, त्याने राज्य सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. त्या अहवालाचा इम्पॅक्ट फॅक्टर शून्य. मोहोळच्या केंद्रात निवडून काढलेली मालदांडी ज्वारी पिढ्यानपिढ्या सोलापूर-नगरच्या रानात उभी आहे, तिलाही एच-इंडेक्स नाही. अशा कामाचा प्रभाव दाखवायला शासन निर्णय, पेरणीखालचे क्षेत्र, अभ्यासक्रमात समावेश, न्यायालयीन निकालातला उल्लेख असे पुरावे गोळा करावे लागतात. त्याला मेहनत लागते, तक्त्यात भरायला ते गैरसोयीचे असतात, आणि म्हणून आपण ते मागतच नाही.

आता 'वर्गणी परवडत नाही' हे कारणही उरलेले नाही. जानेवारी २०२२ मध्ये ओपनअ‍ॅलेक्स हा सायटेशन डेटाबेस सुरू झाला. डेटा संपूर्ण खुला, फुकट, हवा तेवढा उतरवून घ्या. पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठाने वेब ऑफ सायन्सची वर्गणी २०२३ अखेर बंद करून तिकडे वळायचे ठरवले. लायडन विद्यापीठ काढते त्या विद्यापीठांच्या क्रमवारीची खुली आवृत्तीही त्याच डेटावर निघते. त्यात चुका आहेत, पत्ते सुटतात, इंग्रजीखेरीज इतर भाषांची नोंद गडबडते. पण ती चूक कोणालाही बघता येते आणि कळवता येते. बंद डेटाबेसातली चूक वर्गणीदारालाच दिसते. लायडन जाहीरनाम्यातच दुसरे एक तत्त्व आहे: ज्याचे मूल्यमापन होते त्याला डेटा आणि गणित तपासून बघता आले पाहिजे. आपल्या कॅसच्या फायलींत हे लागू केले तर काय होईल? उमेदवाराला कळेल की त्याचा एच-इंडेक्स कोणत्या डेटाबेसातून, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रोफाइलवरून घेतला. गूगल स्कॉलरवरचा आकडा स्कोपसपेक्षा सहसा मोठा येतो, हे विद्यार्थ्यालाही माहीत आहे. आपल्या अर्जांत मात्र 'एच-इंडेक्स' एवढाच रकाना असतो.

म्हणून समित्यांच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे घ्यावे. अर्जाच्या नमुन्यात आकड्याबरोबर डेटाबेस आणि तारीख लिहायची जागा करावी. वेगवेगळ्या विषयांचे उमेदवार एकाच आकड्याने तोलू नयेत. जुलै २०१८चा तक्ता बदलणे आपल्या हातात नाही, पण कोणाचा इम्पॅक्ट फॅक्टर धरायचा हे लेखी स्पष्ट करणे आहे. कोर्सवर्कमधल्या मेट्रिक्सच्या तीन तासांना विद्यापीठाने स्वतःहून प्रात्यक्षिकाचे आणखी तास जोडावेत, ते ग्रंथपालाच्या कार्यभारात धरावेत. सध्या ते 'सहकार्य' म्हणून होते आणि त्याची नोंद कुठेच नसते. आणि समितीवर येणाऱ्या प्रत्येकाने, कुलगुरूंच्या नामनिर्देशित सदस्यांसह, हा वर्ग एकदा करावा.

वर्ग घ्यायला आम्ही ग्रंथपाल तयार आहोत, मानधन नको. प्रत्येकाने आपल्या प्रकाशनांची यादी छापून आणावी आणि आपले नाव आजवर जितक्या स्पेलिंगांत छापले गेले ती सगळी एका कागदावर लिहून आणावीत. सुरुवात ओपनअ‍ॅलेक्सवर स्वतःला शोधण्यापासून करू, दुपारपर्यंत प्रत्येकाचा एच-इंडेक्स हाताने निघेल. इंटरनेट चालणारी एक खोली आणि एक फळा लागेल. दिवाळीच्या सुट्टीनंतरची कोणतीही तारीख चालेल, नॅकची टीम येणार असेल तो आठवडा सोडून.

कळावे,

आपली नम्र,
एक ग्रंथपाल